ऑपरेशनला चार महिने आहेत, तोवर वजनाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, शाळेत शिक्षिका, उंची १५८ सेंमी, वजन ११२ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ९.१. झोपेत श्वास अडकतो, तपासणीत ‘सिव्हिअर’ आलंय, झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन सांगितलंय पण अजून घेतलेलं नाही. गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन, करायचं ठरलंय, पण विम्याचा वेटिंग पिरियड मार्चमध्ये संपतो, म्हणून ऑपरेशन मार्चअखेर. दिवाळीत तीन किलो वाढले. दीर म्हणतात, वजन फार उतरवलंस तर क्लेम नाकारतील. शेजारीण म्हणते, आताच काय ते खाऊन घे, पुढे कुठलं मिळणार. ‘मग मी या चार महिन्यांत नक्की करू काय?’

ताई, मी सर्जन नाही, आहारतज्ज्ञ आहे. पुण्यात बेरिअॅट्रिकच्या, म्हणजे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या, ओपीडीत बसते त्याला एकोणीस वर्षं झाली. तुमच्यासारख्या ‘तारीख मिळेपर्यंत’ थांबलेल्या पेशंटशी माझा रोजचा संबंध येतो, आणि खरं सांगायचं तर ऑपरेशननंतरच्या पेशंटपेक्षा याच मंडळींची मला जास्त काळजी वाटते. ऑपरेशन झालेल्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. थांबलेल्यांना कोणी विचारत नाही.

आधी दिरांचं म्हणणं निकालात काढू, कारण ती भीती मनात असेपर्यंत पुढचं काहीच तुम्ही मनापासून करणार नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी पॉलिसीतली जी शब्दरचना ठरवून दिली आहे तिच्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा; किंवा ३५ वा त्याहून जास्त असून सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा हवा. त्या आजारांत अनियंत्रित टाइप २ मधुमेह आहे, तीव्र स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, आहे आणि हृदयाचे काही आजार आहेत. आता तुमचं गणित करा. १५८ सेंमी उंचीला ४० बीएमआय म्हणजे जवळपास १०० किलो आणि ३५ म्हणजे साधारण ८७ किलो. तुम्ही आज ११२ वर, म्हणजे बीएमआय ४५ च्या आसपास आहात. बारा किलो कमी होईपर्यंत पहिलीच अट पुरी होते, आणि ती पुरी असताना ‘साखर सुधारली तर मग अनियंत्रित कसं म्हणणार’ हा प्रश्नही येत नाही. शंभरच्या खाली गेलात तरी श्वासाचा रिपोर्ट आहेच. चार महिन्यांत २५ किलो उतरवून तुम्ही स्वतःला अपात्र ठरवाल अशी धास्ती दिरांनी घ्यायचं कारण नाही.

तरी कागद पक्के करून ठेवा. सर्जनच्या केसपेपरवर आजची उंची, वजन, बीएमआय तारखेसह लिहून, सही-शिक्का घेऊन त्याची प्रत काढा. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत लावा. कोणत्या तारखेचं वजन धरणार हे विमा कंपनीला किंवा तिच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीएला ईमेलवर विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर उपयोगाचं नसतं. आणखी एक गंमत दिरांना सांगा: ३५ च्या गटासाठी त्याच शब्दरचनेत ‘कमी त्रासाचे उपाय करून गुण आला नाही’ अशी अट आहे. म्हणजे तुम्ही डाएट केलंत, त्याची नोंद ठेवलीत, तर ती फाइल तुमच्याच बाजूने बोलते. मुद्दाम वजन धरून बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यातल्या एकीला भूलतज्ज्ञांनीच परत पाठवलं, साखर तीनशेवर होती म्हणून.

आता किती कमी करायचं? माझं मत असं, आणि सगळे डॉक्टर याच आकड्याला धरून बसतील असं नाही: दिवाळीचे तीन परत जावेत आणि वर दोन-तीन जावेत. म्हणजे मार्चमध्ये १०६-१०७. एवढंच. अमेरिकेतल्या बेरिअॅट्रिक सर्जनांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट म्हटलंय की आधी अमुक वजन उतरवा, मगच ऑपरेशन मंजूर करू, या विमा कंपन्यांच्या सक्तीला वैद्यकीय आधार नाही. ते मला पटतं. ज्या माणसाचं वजन डाएटने उतरत नाही म्हणून तो ऑपरेशनला आलाय, त्यालाच डाएटने वजन उतरवायची परीक्षा घालणं हा उलटा न्याय झाला. पण दुसरी बाजूही आहे. स्वीडनमध्ये प्रत्येक ऑपरेशनची राष्ट्रीय नोंद ठेवतात, आणि गॅस्ट्रिक बायपासच्या बावीस हजारांहून जास्त केसेस तपासल्यावर तिथे असं दिसलं की आधी वजन घटलेल्यांना गुंतागुंत कमी झाली. सक्ती नको, पण प्रयत्नाला फळ आहे, असा मी त्याचा अर्थ लावते.

फळ आहे ते यकृतामुळे. तुमच्या जठराचा वरचा भाग यकृताच्या डाव्या बाजूखाली लपलेला असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये ती बाजू उचलून धरल्याशिवाय सर्जनना काम करायची जागाच मिळत नाही. तुमच्या वजनाला यकृतात चरबी असणार हे जवळपास गृहीत असतं. असं यकृत फुगलेलं, जड आणि ठिसूळ असतं; उचलताना रक्त येतं. माझ्या एका पेशंटने ऑपरेशनपूर्वीच्या दोन महिन्यांत मिसळीचा निरोपसमारंभ केला. अक्षरशः. कोल्हापूर, नाशिक, पुण्यातल्या चार जागा, सगळीकडे जाऊन आला. सात किलो वाढला. टेबलावर घेतल्यावर यकृत उचलेना, आणि सर्जननी केस तिथेच थांबवली. भूल, जखमा, बिल सगळं झालं आणि ऑपरेशन झालं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा केलं. आता तो आठवड्यातून एकदा मिसळ खातो, छोट्या वाटीत, पाव अर्धा. हे मी तुमच्या शेजारणीसाठी लिहितेय. ऑपरेशननंतर सगळे पदार्थ कायमचे बंद होतात असं समजून लोक आधी खाऊन घेतात. पहिले काही महिने जपावं लागतं, गोड-तळलेलं बायपासनंतर अनेकांना सोसत नाही, घाम फुटतो, धडधडतं. पण पुरणपोळीला जन्मभर मुकायचं नसतं. घास मोजायचे असतात.

यकृताबद्दल चांगली बातमी ही की ते लवकर ऐकतं. साठवलेल्या साखरेबरोबर, म्हणजे ग्लायकोजेनबरोबर, तिच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं; खाणं आणि विशेषतः पिठूळ खाणं कमी झालं की हे दोन्ही पहिल्या काही दिवसांत निघून जातं आणि मागोमाग चरबी जाते. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात बारा आठवड्यांच्या कडक डाएटमध्ये यकृताचा आकार जेवढा कमी झाला, त्यातला ८० टक्के पहिल्या दोन आठवड्यांतच झाला होता. म्हणून ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे बहुतेक ठिकाणी ८०० ते १००० कॅलरीचं, प्रोटीन पावडर, ताक, सूप असं डाएट देतात. तुम्हालाही मार्चमध्ये मिळेल. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखेल, चिडचिड होईल, मग उतरेल. आणि वरणाच्या वरच्या पाण्यात प्रोटीन असतं हा समज आताच सोडा. प्रोटीन तळाशी बसलेल्या डाळीत असतं.

पण ते डाएट आता, आजपासून, स्वतःच्या मनाने सुरू करू नका. चार महिने कोणी ८०० कॅलरीवर राहत नाही. तीन आठवड्यांनी सुटतं आणि मग जे खाल्लं जातं त्याला हिशोब नसतो. शिवाय तुमच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा प्रश्न आहे. तुम्ही लिहिलंय की ग्लिमेपिराईड-मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे. भाकरी-भात अर्ध्यावर आणला आणि ग्लिमेपिराईड तेवढंच राहिलं तर साखर खाली जाते: हातपाय थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. दुसऱ्या गोळीचा धोका वेगळा आहे. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या औषधांवर असताना खाणं एकदम तोडलं तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ते साखर फार वाढलेली नसतानाही. त्यामुळे ग्लुकोमीटर बघून कळत नाही. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. ऑपरेशनपूर्वीही ही गोळी किमान तीन दिवस आधी बंद करतात. ती तारीख भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. म्हणून आहार बदलायच्या आठवड्यातच मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटा आणि एकच वाक्य सांगा: ‘मी जेवण कमी करतेय, गोळ्या कशा बदलू?’

यातूनच मार्गशीर्षातल्या गुरुवारचा मुद्दा येतो. तुम्ही विचारलं नाही, पण तुम्ही धरत असणार असं मी गृहीत धरते. दिवसभर काही न खाता गोळी घेणं आणि रात्री नैवेद्याचं पान वाढून घेणं, या दोन्ही टोकांनी तुमचं नुकसान होतं. उपासाला साबुदाणा म्हणजे शुद्ध पीठ. बशीभर खिचडीत कूट आणि तूप धरून पाचशेच्या घरात कॅलरी जातात आणि साबुदाण्यातून प्रोटीन जवळपास शून्य येतं. उपास सोडा असं मी म्हणत नाही. माझी आई ऐकली नसती, तुमच्या सासूबाईही ऐकणार नाहीत. दही, ताक, दूध, पनीर, राजगिरा, एखादं फळ, भिजवलेले मूठभर शेंगदाणे, असा उपास करा, दर तीन-चार तासांनी थोडं खा, आणि त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना आधी विचारा.

रोजच्या जेवणाचं सांगते. कॅलरी मोजायचं अॅप घेऊ नका. पंधरा दिवसांत कंटाळाल. घरात आधी दोनच गोष्टी मोजा. एक, तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ४० मिलि, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. डबा अडीच लिटरचा आणा. फोडणीत चमचा मोजायची गरजच राहत नाही, डबाच शिकवतो. तुमच्याकडे भाजीत शेंगदाण्याचं कूट मुठीने पडतं, ते चमच्याने पडू दे. दुसरी गोष्ट, चहा. शिक्षकांच्या खोलीत दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दोनशे कॅलरी आणि वर बिस्किटं वेगळी. दोन कपांवर या, साखर पंधरा दिवसांत हळूहळू काढा. एकदम काढलेली साखर आठवड्यात परत येते.

मग प्रोटीन. दिवसाला ६० ते ७० ग्रॅम हवं, आणि आपल्या जेवणात ते सहज भरत नाही. सकाळी पोहे-उपीट आठवड्यातून एक दिवस. बाकी दोन अंडी, किंवा मुगाची दोन धिरडी आणि दही. दुपारी आधी उसळ, वाटी भरून, मग कोशिंबीर, मग एक ज्वारीची भाकरी. हा क्रम उलटा करू नका, कारण ऑपरेशननंतर पोटात जागाच एवढी कमी असते की भाकरीने सुरुवात केली तर प्रोटीनला उरत नाही. शाळेतून आल्यावर साडेपाचला जी भूक लागते ती सगळ्यात घातक. तेव्हा मूठभर फुटाणे आणि ताक समोर तयार असू द्या, नाहीतर हात फरसाणाच्या डब्याकडे जाणारच. रात्री शंभर ग्रॅम पनीर किंवा चिकन, किंवा बांगडा. शाकाहाराच्या दिवशी सोया चंक्स, कोरडे असताना २५ ग्रॅम. भात रात्री नको, दुपारी अर्धी वाटी चालेल. एवढ्यात तुम्ही तेराशे-चौदाशेच्या आसपास राहाल, आणि तुमच्या शरीराला नुसतं पडून राहायलाच त्याहून जास्त लागतं. चांगल्या आठवड्यात अर्धा-पाऊण किलो जाईल, मध्ये थांबेल, पाळीच्या आठवड्यात वाढल्यासारखं दिसेल. काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर.

संक्रांतीला हातात पडलेला तिळगूळ घ्या, एक. हुरडा पार्टीला जाल तर हुरडा खा, त्यासोबतची शेव आणि गूळ सोडा. लग्नांचं मात्र अवघड आहे. माझा अनुभव असा की लग्नात पंगतीला बसणारा बुफेवाल्यापेक्षा कमी खातो, कारण पानात किती पडलं ते दिसतं.

जेवायची पद्धत आतापासून बदला, कारण हीच सवय तुम्हाला ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून लागणार आहे आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो. छोटा चमचा, छोटी ताटली, वीस-पंचवीस मिनिटं. घास पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. प्यायचं ते अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर. हे शेवटचं सगळ्यांना जड जातं. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या असतोच. तांब्या उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढाच माझा उपाय आहे, पण चालतो.

सीपॅप आजच घ्या. भाड्यानेही मिळतं. आवाज होतो, मास्क रुततो, पहिला आठवडा वैतागाचा जातो, हे सगळं खरं. पण रात्रभर श्वास तुटत राहिला की सकाळी शरीर झोपेचं कर्ज भुकेने फेडायला बघतं, आणि भूलतज्ज्ञ आधी काही आठवडे रोज वापरलेलं मशीन बघितल्याशिवाय निवांत होत नाहीत. तीन चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं खेळणं, स्पायरोमीटर, तेही आणून ठेवा. त्यात श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचं नसतं. निम्मे लोक उलटं करतात.

एक विचारते, राग मानू नका. मिश्री लावता का? सांगली-साताऱ्याकडच्या माझ्या निम्म्या पेशंट ‘तंबाखू? छे!’ म्हणतात आणि मिश्री त्यात धरतच नाहीत. निकोटीन ते निकोटीन. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, जठराचा टाका नीट भरत नाही, बायपासच्या जोडावर अल्सर होतो. निदान सहा आठवडे आधी पूर्ण बंद, आणि नंतरही नाहीच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा; इस्ट्रोजेनच्या गोळ्या ऑपरेशनपूर्वी बंद कराव्या लागतात, रक्ताच्या गुठळीच्या भीतीने. पण दुसरं साधन वापरा, कारण वजन उतरताना पाळी सुधारते आणि ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहायला नकोत.

रक्ताच्या तपासण्या ऑपरेशनच्या आठवड्यात न करता आत्ता करा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. वजन जास्त असलेली माणसं आतून कुपोषित असतात हे ऐकून लोक हसतात. शाकाहारी घरात बी-१२ बहुतेक कमीच निघतं. बायपासनंतर शोषण आणखी घटतं, तेव्हा खड्डा आधी भरून घ्यावा. चार महिने त्यासाठी बरोबर पुरतात.

चालण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की गुडघे दुखतात. मग अर्ध्या तासाचा हट्ट नको. तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं, सपाटीवर. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ऑपरेशनच्या संध्याकाळीच तुम्हाला उठवून चालवतील, तेव्हा या मांड्या लागतील.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं विचारलंय. टिर्झेपेटाईड भारतात २०२५ च्या मार्चपासून मिळतंय, सेमाग्लुटाईडही आहे. थांबण्याच्या काळात पूल म्हणून काही डॉक्टर देतात आणि तुमच्या साखरेला त्याचा उपयोगही होईल. पण ते मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून घ्यायचं औषध नाही. जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे भूल देणाऱ्याला माहीत असणं अत्यावश्यक. मधुमेहाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ, दोघांना विचारून ठरवा.

आणि मध्येच एखाद्या महिन्यात वजन वाढलं तर ओपीडीची तारीख चुकवू नका. वाढलं की लोक फोन उचलत नाहीत, थेट ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात उगवतात. आम्हाला दोन किलो वाढल्याचं जानेवारीत कळलं तर काहीतरी करता येतं.

पुढच्या भेटीला सासूबाईंना घेऊन या. तुम्ही लिहिलंय की स्वयंपाक त्या करतात, आणि तुम्ही कमी वाढून घेतलं की त्यांना वाईट वाटतं. मग हे सगळं मी तुम्हाला सांगून काय उपयोग? तेलाचा डबा त्यांच्या हातात आहे.